मिओ, मायू आणि तुम्ही दोघी

आधी ते हेडफोन काढून ठेव. अगं, रात्रीचा दीड, खोलीतल्या बाकीच्या तिघी झोपलेल्या, दिवा बंद, कानात हेडफोन आणि समोर रक्ताळलेल्या पांढऱ्या किमोनोतली ती मुलगी हसत हसत अंगावर येतेय. मग झोप उडाली म्हणून माझ्यासमोर बसून डोळे पुसतेस? ज्यांनी तो खेळ बनवला त्यांनी नेमकी हीच वेळ आणि हीच खोली मनात धरली असणार. तू त्यांच्या हातात सगळं आयतं दिलंस. स्पीकरवर खेळ, आवाज निम्म्यावर आण, पडद्याचा उजेड वाढव आणि शेजारी चिवड्याचा डबा ठेव. फेटल फ्रेम डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त घाबरवतो. लाकडी जमिनीची कुरकुर, भिंतीपलीकडची कुजबुज, मागे वाजणारं पाऊल, एवढं कमी केलंस की निम्मी भुतं जागच्या जागी बसतात.

आणि काकूंना फोनवर काय सांगितलंस? रात्री बायका दिसतात म्हणून? खेळात दिसतात हे सांगायचं राहिलं वाटतं. त्यांचा मला नांदेडहून लगेच फोन. तिला माहूरला नेऊन आणू का, कोणाला दाखवू का, हॉस्टेलच्या मागे पिंपळ आहे का. मी म्हटलं, काकू, चैतन्यपुरीच्या त्या गल्लीत कपडे वाळत घालायला जागा नाही, पिंपळ कुठून येणार? तिला बाधा झालीय ती बँकेच्या कागदाची. थोरल्या बहिणीचं, अक्काचं, अपॉइंटमेंट लेटर आलं त्या दिवसापासूनची.

हं, फिरव तोंड. मी बोलणार आहेच. पण आधी भुतांचं संपवू, कारण त्यांच्याबद्दल बोलायला तुलाही सोपं जातं.

हैदराबादच्या या दिलसुखनगरात भुतांना जागाच कुठे आहे गं? गुरुवारी साईबाबांच्या देवळापुढची रांग बघ. मेट्रोच्या खांबांखाली चपलांचे, क्लिपांचे, मोबाइल कव्हरांचे गाडे. कोचिंग सुटलं की दर दारातून शंभर मुलं बाहेर पडतात आणि सगळी एकाच बज्जीच्या बंडीकडे वळतात. एकटं असण्याची सोय इथे माणसालाच नाही. या रस्त्यावर खरं मरण येऊन गेलंय, तुला माहीत असेल. २१ फेब्रुवारी २०१३, संध्याकाळी सातच्या सुमाराला, कोणार्क आणि वेंकटाद्री थिएटरांच्या बाजूला सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब पाठोपाठ फुटले. पंधराहून जास्त माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. गेलेल्यांत तुमच्यासारखी शिकायला आलेली मुलं होती. मी त्या जागेवरून रोज जाते. तिथे कोणाला काही दिसतं, ऐकू येतं, असं मला आजवर एकाही दुकानदाराने सांगितलेलं नाही. भुताच्या गोष्टी लोक करतात त्या पडक्या, बंद, लांबच्या जागांच्या. जिथे ओळखीचं माणूस गेलंय तिथे त्यांना गोष्ट रचवत नाही.

म्हणून तर या खेळवाल्यांना आख्खं गाव रिकामं करावं लागलं. तू खेळतेस तो दुसरा भाग, क्रिमसन बटरफ्लाय. टेक्मो कंपनीने तो २००३ च्या नोव्हेंबरात जपानात आणला, प्लेस्टेशन २ वर. पहिला भाग २००१ चा. दिग्दर्शक माकोतो शिबाता, निर्माते केइसुके किकुची. त्याआधी १९९६ चा रेझिडेंट इव्हिल आणि १९९९ चा सायलेंट हिल गाजलेले होते, पण त्यांत हातात बंदूक असायची, नाहीतर निदान लोखंडी पाइप. शिबाता आणि किकुची या दोघांनी हातात कॅमेरा दिला. बस, बाकी काही नाही. मी तुझ्या वयाची असताना माझ्या धाकट्या बहिणीबरोबर तोच खेळले होते. डिस्क कुठून आली ते तू मला विचारू नकोस, तू कुठून उतरवलास ते मी तुला विचारत नाही.

त्या कॅमेऱ्यातच सगळी मेख आहे. एरवी भीती वाटली की माणूस काय करतं? डोळे मिटतं, पळतं, पांघरूण ओढतं. इथे पळून भूत जात नाही. कॅमेरा डोळ्याला लावायचा. लावला की आजूबाजूचं दिसणं बंद, फक्त चौकटीपुरतं जग आणि पाय जेमतेम हलणारे. मग त्या भुताला चौकटीत धरून ठेवायचं, जवळ येऊ द्यायचं, आणखी जवळ, आणि ते झडप घालतं त्या क्षणाला बटण दाबायचं. लांबून काढलेल्या फोटोने भुताचं काही वाकडं होत नाही. त्याचा हात तुझ्या गळ्याशी आला असताना काढलेला फोटो सगळ्यात भारी, आणि त्यालाच खेळाचं नाव दिलंय. वर फिल्मचीही चणचण. साधी फिल्म लागते तेवढी, पण तिच्यात दम नाही, चांगली मोजकी. आणि माझं ऐकशील तर चांगली फिल्म साठवत बसू नकोस. सगळ्या मुली साठवतात. शेवटच्या प्रकरणापर्यंत पिशवी भरलेली राहते आणि मधल्या प्रत्येक वाड्यात उगाच मार खातात.

कॅमेऱ्याने भूत धरता येतं, ही कल्पना काही जपान्यांचीच नाही बरं का. १८६० च्या दशकात बोस्टनला विल्यम मम्लर नावाचा फोटोग्राफर होता. तो गिऱ्हाइकाच्या फोटोत मागे त्याचं मेलेलं माणूस अंधुक उभं करून द्यायचा. अब्राहम लिंकनच्या विधवेनेही त्याच्याकडे फोटो काढून घेतला, आणि त्यात तिच्या खांद्यांवर हात ठेवून लिंकन उभे. एकाच काचेवर दोनदा प्रकाश पाडला की असं होतं, हे त्या वेळीही जाणकारांना कळत होतं. १८६९ मध्ये न्यूयॉर्कात त्याच्यावर खटला झाला आणि तो सुटला. ज्या देशात यादवी युद्धात लाखो पोरं मेली होती, तिथे त्याच्या दुकानापुढे गर्दी का होत असेल, हे मला त्याच्या लबाडीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे उलट होतं. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं माझी पणजी म्हणायची. तिचा एकही फोटो घरात नाही.

आणि हैदराबादची गंमत ऐक. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. त्यांनी १८९२ मध्ये इथे फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला होता, पडद्यातल्या बायकांसाठी. आत फोटो काढणारीही बाईच, एक इंग्रज बाई. बाहेरच्या पुरुषाची नजर पडू नये म्हणून सगळा बंदोबस्त. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसलेल्या त्या बेगमांना काय वाटलं असेल? पुढे डोळा लावून बसलेली ती बाई, मध्ये काळं भोक, आणि हलायचं नाही. तुझ्या खेळातल्या भुतांची बाजू कोणी मांडायची झाली तर ती त्याच मांडतील, असं मला वाटतं.

तुझ्या खोलीतली एक पोरगी म्हणते ना, हे सगळं खरं घडलेलं आहे, तिने कुठेतरी वाचलंय? तिला सांग, अमेरिकेत पहिला भाग विकायला काढला तेव्हा त्याच्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं छापलं होतं. तिथून सुरू झालं ते. टोकियोच्या बाहेर कुठेतरी हिमुरो नावाचा वाडा आहे, तिथे दोरखंडांचा विधी व्हायचा, भिंतींवर अजून रक्ताचे हात उमटलेत, अशा गोष्टी मग लोकांनीच वाढवल्या. असा वाडा कोणी दाखवू शकलेलं नाही. धंद्याची युक्ती होती, चालली. आपल्याकडे अशा युक्तीला छापखानाही लागत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात हाकामारी येते म्हणून दारं लागायची. ती रात्री नाव घेऊन हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. इकडे तेलंगणात, आंध्रात लोकांनी दारांवर लिहून ठेवलं होतं, ‘ओ स्त्री, रेपु रा’. बाई गं, उद्या ये. ती रोज येऊन तेच वाचणार आणि रोज परत जाणार. नांदेडची हाकामारी आणि इथली ही, दोघी एकाच रेल्वेलाइनवरच्या. भुताशी सुद्धा इतक्या नरमाईने बोलणारी माणसं मला तरी आवडतात.

बरं, आता गोष्टीकडे. शेवट सांगते आहे. तुझी दोनच प्रकरणं राहिलीत आणि मला तो सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. चिडायचं असेल तर नंतर चीड.

मिओ आणि मायू, जुळ्या बहिणी. लहानपणी ज्या रानात खेळायच्या ते रान धरणाखाली जाणार आहे, म्हणून शेवटचं बघायला येतात. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ बुडालंय ना, पाणी उतरलं की शिखर वर येतं आणि लोक बघायला जातात, तसं काहीसं मनात आण. मायू एका लाल फुलपाखरामागे चालत सुटते, मिओ तिच्यामागे, आणि दोघी एका गावात शिरतात जे नकाशातून कधीच नाहीसं झालंय. तिथे उजाडत नाही. या गावाची रीत अशी, की ठरावीक काळाने जुळ्यांपैकी एकीने दुसरीचा गळा दाबायचा. दोन जीव मुळात एकच होते, ते पुन्हा एक झाले की गावाखालची नरकाची विहीर शांत राहते, अशी समजूत. मेलेल्या बहिणीचं लाल फुलपाखरू होतं आणि उरलेलीला गाव देवासारखं मानतं. आणि बघ, गळा दाबायचा मान थोरलीचा. पण जी आधी जन्मली ती त्यांच्या हिशेबाने धाकटी. थोरली धाकटीला पुढे जाऊ देते, म्हणून.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंट्रोलर बाजूला ठेवला होता. मी घरात थोरली. धाकटीला आधी वाढणं, खिडकीची जागा तिला देणं, हे सगळं कौतुकाने केलेलं. आणि या बाबाने त्याच कौतुकातून गळा दाबण्याची रीत काढली! शिबाता यांना या गोष्टी स्वप्नांतून सुचतात म्हणतात. असतील. पण कुठल्यातरी घरात दोन बहिणींना त्यांनी नीट पाहिलेलं असणार.

त्याच गावात आधीच्या पिढीत साए आणि याए होत्या. दोघी पळाल्या, याए निसटली, साए सापडली. एकटीचाच बळी दिला आणि विधी फसला. ती किमोनोतली तुला झोपू न देणारी मुलगी ती साए. ती वाईट म्हणून हिंडत नाही, ती वाट बघत हिंडते. मला टाकून गेलीस का, एवढंच तिचं म्हणणं. त्या गावातला इत्सुकी आठव, केस पांढरे झालेला मुलगा, कोठीत कोंडलेला. त्याने भावाचा गळा दाबला, विधी तरी फसलाच, आणि केस त्या दुःखाने पिकले. तो या पोरींना पळवून लावायला धडपडतो. आख्ख्या खेळात माझा त्याच्यासाठीच जास्त जीव तुटतो, पण त्याच्याबद्दल बोलायला लागले तर रात्र होईल.

आता मायूकडे बघ. तिचा पाय अधू. लहानपणी मिओ पुढे पळाली, ही तिला गाठायला गेली आणि कड्यावरून पडली. तेव्हापासून मिओच्या मनाला टोचणी. खेळताना तुझ्या लक्षात आलं का, तू धावलीस की मायू मागे राहते? थांबावं लागतं. थांबली नाहीस तर भुतं तिला धरतात, आणि ती मेली की खेळ संपला, तुझ्या अंगात कितीही जीव शिल्लक असो. सगळ्या पोरी तिला शिव्या घालतात. किती हळू चालते, किती विव्हळते. पण पुढे पुढे तिच्या बोलण्यातून हळूच कळत जातं, की पाय गेल्याचं तिला सगळंच दुःख नाही. आता मिओ मला सोडून जाणार नाही, हे त्या पायाने तिला मिळालं. मला खेळात सगळ्यात जास्त भीती वाटली ती इथे. तेव्हा पडद्यावर एकही भूत नव्हतं.

आणि शेवट? २००३ च्या मूळ खेळात साध्या पातळीवर मिओच्या हातून मायूचा गळा दाबला जातो, मायूचं फुलपाखरू होतं आणि मिओ माफी मागत त्याच्यामागे पळत सुटते. अवघड पातळीवर खेळलीस तर दुसरा शेवट मिळतो. मिओ बहिणीला वाचवते, पण त्या विहिरीत पाहिल्यामुळे तिचे डोळे जातात. मग दोघी धरणाच्या पाण्याकाठी बसलेल्या, मिओच्या डोळ्यांवर पट्टी, आणि मायू समाधानी. आता कायम बरोबर. मंडळी या शेवटाला चांगला म्हणतात, कारण दोघी जिवंत आहेत. मला विचारशील तर पहिल्या शेवटापेक्षा हा जास्त भयंकर आहे.

कळतंय ना, मी कुठे चाललेय ते?

लेटर आल्यापासून तुझं पोट दुखतंय. डॉक्टर म्हणाले काही नाही, सोनोग्राफी स्वच्छ. तू नाटक करतेस असं मी मुळीच म्हणत नाही, दुखणं खरंच दुखतं. पण ते अक्का बॅग भरायला काढते तेव्हाच दुखतं, हे तुला दिसलेलं नसेल तर मी दाखवते. अक्का दोनदा जायची तारीख पुढे ढकलून बसलीय. मागे तुला डेंग्यू झाला तेव्हा तिने मेन्स सोडली होती, तू म्हणाली नव्हतीस, तिनेच सोडली, आणि त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नाही. तेच मला आवडलं नव्हतं. चकार शब्द काढायला हवा होता. भांडायला हवं होतं. ज्या बहिणी भांडत नाहीत त्यांच्यात कुठेतरी हिशेब तुंबत जातो.

जरा काकस्पर्शाचं आठव. तुझ्या आजोबांच्या दहाव्याला तू होतीस ना? पिंड ठेवला, कावळे समोर बसलेले, एकही शिवेना. मग एकेक जण पुढे होऊन बोलायला लागला. आईला आम्ही सांभाळू. शेताचा तुकडा विकणार नाही. धाकटीचं शिक्षण थांबवणार नाही. आणि कशावर तरी कावळा आला. कावळ्याला भूक लागली होती, हेही खरंच असेल, मी वाद घालणार नाही. पण त्या अर्ध्या तासात घरातली माणसं आपापल्या तोंडाने काय काय कबूल करून जातात ते मला फार शहाणपणाचं वाटतं. जाणाऱ्याला अडवायचं नाही, त्याचा जीव कशात अडकलाय ते शोधून त्याला मोकळं करायचं. साएला असं सांगणारं गावात एकही माणूस उरलं नव्हतं. मुंजा, हडळ, समंध, आपली सगळी भुतंही काहीतरी राहून गेलेलीच आहेत. एकाची मुंज झाली पण सोडमुंज राहिली, दुसरी बाळंतपणात गेली, तिसऱ्याचा जीव पुरलेल्या हंड्यात. नारायण धारपांची पुस्तकं वाच कधी. कोटीकडे गेलीस की मराठी ग्रंथसंग्रहालयात विचार, मिळतील. धारप तुला जपान्यांइतकंच घाबरवतील, आणि लॅपटॉप तापणार नाही.

तर अक्काचा जीव कशात अडकलाय ते तुला माहीत आहे. तुझ्या फीच्या हप्त्यात. तू एकटी जेवशील की नाही यात. तू पुन्हा प्रिलिम्सला अडलीस तर तुला कोण समजावणार यात. यातल्या दोन गोष्टी तू आज संध्याकाळीच निकालात काढू शकतेस. मेसचा डबा बंद करून तू बिस्किटांवर राहतेस हे मला कळलंय, उस्मानिया बिस्किट कितीही चांगलं असलं तरी ते जेवण नाही. डबा सुरू कर आणि तिच्यासमोर सुरू कर. फीचा हप्ता काकूंनी भरायचा की तिने, हे तिघींनी एकदा बसून ठरवा. मी बसते मध्ये, हवं तर. तिसरी गोष्ट, प्रिलिम्सची, ती कोणाच्याच हातात नाही. ती तिला फोनवर काळजी करायला राहू दे, थोरल्यांना काहीतरी लागतंच.

आणि अक्काला जिथे जायचंय ते सिरोंचा म्हणजे काळं पाणी आहे असं तू जे सगळ्यांना सांगत सुटली आहेस ते बंद कर. गडचिरोलीचं टोक आहे खरं, पण कुठल्या बाजूचं टोक? गोदावरीवरचा पूल ओलांडला की कालेश्वरम्, तेलंगणाच. हैदराबादला यायला तिला नागपूरपेक्षा सोपं पडेल. नांदेडच्या घाटावरून जाते तीच गोदावरी तिथे प्राणहितेला भेटते. तिथल्या काउंटरवर येणारी निम्मी माणसं तेलुगूत बोलणार, आणि शाखेत लागलेल्या बाकीच्या मराठी पोरींची जीभ तिथेच अडखळणार. तुझी अक्का मात्र इथे भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायला शिकलेली आहे. दोन महिन्यांनी तिला त्या शाखेतून कोणी सोडणार नाही, बघ.

तिच्याशीही मी बोलणार आहे, फक्त तुलाच टोचते असं समजू नकोस. तिला सांगायचंय की मागे वळून वळून बघत चालू नकोस. तिसऱ्या भागात मिओ पुन्हा येते, २००५ चा तो. तिथे ती झोपेतून उठतच नाही. बहिणीच्या मागे स्वप्नातल्या वाड्यात भटकत राहते आणि मामा तिला शोधत असतो. त्या भागाची नायिका रेई, तिचाही होणारा नवरा अपघातात गेलेला आणि गाडी तीच चालवत होती. सगळा खेळ उरलेल्या माणसांचा आहे, आपण का उरलो म्हणून स्वतःला शिक्षा करणाऱ्यांचा. तुमच्यात तसं कोणी मेलेलं नाही. एकीला नोकरी लागलीय. पेढे वाटायची गोष्ट आहे, आणि हॉस्टेलमध्ये अजून एक पेढा फिरलेला नाही. लाज वाटू दे जरा.

बरं, ती उरलेली दोन प्रकरणं एकटीने संपवू नकोस. रविवारी दोघी पी अँड टी कॉलनीत माझ्याकडे या, दिवसाउजेडी. कंट्रोलर अक्काच्या हातात दे, ती नेम चांगला धरते. तू नकाशा सांभाळ. शेवट बघताना दोघींना जे काही एकमेकींना बोलायचं असेल ते बोला, मी स्वयंपाकघरात असेन, आणि कुकरच्या शिट्टीत मला काही ऐकू येत नाही. पिठलं, भाकरी आणि ठेचा करते. येताना चार्जर आणा, आमच्याकडे दुपारी करंट जातो. तिसरा भाग मात्र ती गेल्या गेल्या उघडायचा नाही. दिवाळीत ती सुट्टीवर येईल तोवर तुझी प्रिलिम्सही झालेली असेल. तेव्हा बघू, हार्डवर खेळायचा की साध्यावर.